गार ब्रेक

“चावी मला काय करायची आहे? तुझ्याकडेच ठेव,” मिस्त्री म्हणाले आणि आवाराच्या टोकाला मारलेल्या पांढऱ्या रेघेकडे चालू लागले. “बस गाडीत. ब्रेक गार आहेत तोवर उरकून टाकू.”

मी चावी पुढे धरून तशीच उभी राहिले. माझ्या तोंडाची कीर्ती अख्ख्या गॅरेजला ठाऊक आहे. साहेबांनासुद्धा मी दोन शब्द सुनावून मोकळी होते, मागाहून पस्तावते ती गोष्ट वेगळी. पण मिस्त्रींना मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आणि आज, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, भल्या सकाळी मला तेच म्हणायचं होतं.

आधी ही रेघ काय भानगड आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई कशाला एवढी घाबरली.

आमचं गॅरेज पोलिसांच्या गाड्यांचं. मी तिथली ड्रायव्हर, मिस्त्री तिथले मिस्त्री. त्यांना नाव आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. कंपनीतून गाडी येते ती तुमच्याआमच्या दारातल्या गाडीसारखीच, चारचौघींसारखी. महिनाभर मिस्त्रींच्या हाताखाली राहिली की वरून तीच दिसते आणि आतून दुसरीच झालेली असते. स्प्रिंगा बदलून कडक घातलेल्या, म्हणजे वळणावर गाडी कलंडत नाही. इंजिनाला मोठा रेडिएटर, कारण पोलिसांची गाडी तासन् तास नाक्यावर इंजिन चालू ठेवून, दिवे लावून उभी असते आणि मग एकदम जीव खाऊन पळते. दिवे, भोंगा, वायरलेस एवढं सगळं ओढायला दुसरी बॅटरी. चाकांवरच्या चकचकीत टोप्या तर पहिल्या दिवशीच काढून ठेवायचे. वेगात वळण घेतलं की त्या उडतात आणि रस्त्यावरच्या माणसाच्या नडगीवर जाऊन बसतात. सीटच्या पाठीत कंबरेच्या पट्ट्याला जागा हवी म्हणून फोम कोरायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एक दिवस मला म्हणाले, “पट्टा बांधून बस बघू,” आणि माझ्या पाठीला काय टोचतंय ते माझ्याआधी त्यांना कळलं.

माणूस तसा कमी बोलायचा. गाडीबद्दल मात्र मायेनं बोलायचा.

मागच्या पत्र्याखाली जुन्या गाड्या ओळीनं ठेवल्या आहेत, मिस्त्रींनीच भंगारात जाऊ दिल्या नाहीत. सगळ्यात जुनीला भोंगाच नाही, पितळी घंटा आहे. शेजारी बसलेल्या शिपायानं दोरी ओढून ती वाजवायची. तिच्या आधी या आवारात घोडे असायचे, भिंतीत त्यांच्या कड्या अजून आहेत. घंटेवाल्या गाडीपेक्षा घोडा बरा होता, असं तेव्हाचे शिपाई म्हणत म्हणे. पुढची गाडी वायरलेसची. तो वायरलेस एवढा अवजड, की सगळी डिकी त्याचीच, आणि पकडलेला चोर मांडीवर बसवायची वेळ. त्यानंतरची ती काळी. तिच्यापाशी आलं की मिस्त्री पाय उचलून पुढे जात.

काळीची गोष्ट मला गॅरेजातल्या जुन्या माणसांनी सांगितली, मिस्त्रींनी नाही. त्या काळात चोर शहाणे झाले होते. मोठ्या इंजिनाच्या गाड्या उडवायचे आणि पोलिसांच्या डोळ्यांत धूळ टाकून पसार व्हायचे, शब्दशः धूळ. तेव्हा आमच्या गॅरेजात थोरले मिस्त्री होते, यांचे गुरू. वरून हुकूम आला, गाडी पळाली पाहिजे. थोरल्यांनी काळीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं आणि ब्रेकचं काम आपल्या लाडक्या चेल्याकडे दिलं. यांच्याकडे. वय तरणं, हात चलाख, अंगात उत्साह मावेना. यांनी शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसले कडक लायनर, म्हणजे ब्रेकमधल्या चाक धरणाऱ्या पट्ट्या, मिळवून घातले. साधे मऊ लायनर चारदोन जोराच्या ब्रेकांनंतर तापून घसरायला लागतात. कडक लायनर जितके तापतील तितके घट्ट धरतात. डोंगरातल्या उतारावर काळी अशी थांबायची, की बघणाऱ्यानं बोटं तोंडात घालावीत. सगळ्यांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उघड्यावर उभी असलेली काळी यांनीच चालू केली आणि ऐटीत फाटकाकडून आणली. समोर थोरले मिस्त्री कौतुकानं बघत उभे होते. यांनी ब्रेक दाबला. कडक लायनर तापल्यावर धरतात, पण गार असताना धरतच नाहीत. पायाखाली दगड आल्यासारखा ब्रेक घट्ट लागतो आणि गाडी आपली पुढे जात राहते. शर्यतीच्या माणसाला हे कधी कळत नाही, कारण तो आधी दोन फेऱ्या मारून ब्रेक तापवून घेतो. पोलिसाला कोण फेऱ्या मारू देणार? त्याचा पहिला ब्रेक तोच खरा ब्रेक.

थोरल्यांचा उजवा पाय गेला. पुढे कितीतरी वर्षं ते कुबडी घेऊन गॅरेजात येत, स्टुलावर बसून सूचना देत, आणि यांच्यावर एका शब्दानं रागावले नाहीत. लोक म्हणतात, तेच यांना जास्त लागलं. गाडी अंगावर येताना थोरले जागचे हलले का नाहीत, हा प्रश्न यांनी कधी विचारला नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

त्या दिवसापासून मिस्त्रींनी गाडी चालवली नाही. लायसन्स वेळच्या वेळी नवं करून घेत, पण स्टिअरिंगला हात लावला तो फक्त दुरुस्तीला. गाडी दोन हात पुढे घ्यायची असली तरी मला हाक. घरी जायला बस. मी सुरुवातीला चेष्टा करायची, सोनार असून कान बुच्चे म्हणून. गोष्ट कळली तशी चेष्टा बंद केली.

आणि त्या दिवसापासून ही रेघ आली. तयार झालेली प्रत्येक गाडी रात्रभर बाहेर उभी ठेवायची. सकाळी ब्रेक तापू न देता ड्रायव्हरनं ती फाटकापासून सुसाट आणायची. अलीकडे एक पिवळी खूण आहे, तिथे पोचेपर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही. आणि पलीकडे पांढऱ्या रेघेवर मिस्त्री स्वतः उभे. हात मागे बांधून, जसे थोरले उभे होते तसे. गाडी त्यांच्या अलीकडे थांबली तर ती पोलिसांची गाडी.

बाकीचे ड्रायव्हर यासाठी बसायला तयार नसत. मी नवी होते, बाई म्हणून सगळे मला जोखत होते, मी छाती पुढे काढून हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण. पहिल्या वेळी पिवळ्या खुणेवर मी ब्रेक दाबला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मिस्त्री बॉनेटला हात लावून सांगत होते, “डोळे उघडे ठेवायचे. गाडीला दिसत नाही.” तेव्हापासून ते काम माझंच झालं. दर वेळी काळजाचं पाणी व्हायचं, दर वेळी गाडी थांबायची, आणि दर वेळी मी मनात म्हणायची, आता पुढच्या खेपेला सरळ नाही म्हणून सांगायचं.

आता तपासणीला यंत्र आलंय. गाडी फिरत्या रुळांवर चढवायची, ब्रेक किती धरतो ते आकडा सांगतो. मिस्त्री त्या यंत्राला नावं ठेवत नसत. उलट म्हणत, यंत्र अगदी खरं बोलतं. मग हसून म्हणत, पण यंत्राला पाय नाहीत.

आजची गाडी त्यांची शेवटची. महामार्गावरच्या पाठलागासाठीची, पांढरी, रुंद नाकाची, दिसायला मवाळ आणि आतून आग. पुढे ताटाएवढ्या डिस्क, बंपरमधून ब्रेकवर वारा नेणाऱ्या नळ्या, आणि पॅड असे शोधून काढलेले, की गार असतानाही धरतील आणि तापल्यावरही सोडणार नाहीत. त्या पॅडच्या मागे ते वर्षभर होते. उद्यापासून ही गाडी माझ्याकडे येणार होती.

सगळं नेहमीसारखं झालं असतं. पण काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. या वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको; बोलायला गोड, पण एक सवय विचित्र. उभ्या असलेल्या गाडीच्याही पुढून त्या कधी जात नाहीत. इंजिन बंद असो, ड्रायव्हर नसो, वळसा घालून मागूनच जाणार. त्या मला म्हणाल्या, “इतकी वर्षं मी बोलले नाही. तू गाडी आणतेस हे मला माहीत आहे, आणि तू आणतेस म्हणून झोप तरी लागते. पण उद्या नको. शेवटच्या दिवशी दैव टपून असतं. उद्या त्यांच्या अंगावर गाडी आणू नकोस.”

मी शब्द दिला. देवाशपथ सांगते, त्या डोळ्यांसमोर तुम्हीही दिला असता.

आणि आता मिस्त्री रेघेवर जाऊन उभे राहिले होते. काही महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उजव्या पायावर भार कमी. हात मागे.

मी गाडीत बसण्याऐवजी चालत त्यांच्यापाशी गेले.

“काय झालं?”

“मी नाही बसणार.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “हिनं सांगितलं ना?”

मी खोटं बोलू शकले असते, पण ताकास जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. हो म्हटलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते गाडीकडे बघत राहिले आणि मग अगदी साधेपणानं म्हणाले, की ठीक आहे, मग ही गाडी यंत्रावरूनच जाऊ दे. हे बोलताना त्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. सगळ्या गाड्यांसमोर उभा राहिलेला माणूस, शेवटच्या गाडीसमोर राहणार नाही. तिच्याबद्दल त्यांना कायमची रुखरुख लागणार आणि त्या गाडीत उद्यापासून मी बसणार, म्हणजे रोज रात्री त्यांच्या डोळ्यासमोर मी.

तेव्हा ते माझ्या तोंडून निघून गेलं. माझं तोंडच तसं. “तुम्ही बसा गाडीत. मी उभी राहते.”

“वेड लागलंय का?”

“ब्रेक चांगले आहेत ना?”

“आहेत.”

“मग झालं तर. उद्या हीच गाडी घेऊन मी महामार्गावर जाणार. ब्रेक तुमचे, जीव माझा. आत बसले काय नि पुढे उभी राहिले काय, एकच.”

“तुला काही झालं तर—”

“इतकी वर्षं मी हेच म्हणत होते मिस्त्री, मनातल्या मनात. पुढे उभा राहतो त्याला काही वाटत नाही. ब्रेकवर पाय असतो त्याला भीती वाटते.”

“ती कुणाला वाटते ते मला माहीत आहे,” मिस्त्री म्हणाले.

मी ओठ चावले. बोलून बसले होते, आता परत घेता येत नव्हतं. गॅरेजातली माणसं काम सोडून दारात जमली होती. साहेबही बाहेर आले, आमच्याकडे बघितलं, काय चाललंय ते त्यांना कळलं असावं. फोन कानाला लावून ते परत आत गेले. फोन वाजला नव्हता. भला माणूस. त्या दिवसापासून मी त्यांना कमी सुनावते.

मिस्त्रींनी हात पुढे केला आणि मी चावी त्यांच्या तळव्यावर ठेवली. तळवा थंडगार होता.

ज्या माणसानं त्या गाडीचा खिळा न् खिळा बसवला होता, त्याला सीट मागे सरकवायचा दांडा सापडेना. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मग गाडी सावकाश मागे मागे फाटकापर्यंत गेली आणि तिथे थांबली. खूप वेळ थांबली. मला वाटलं, येत नाहीत. मनातून मला तेच हवं होतं की काय, कोण जाणे. मी हात मागे बांधले. टाचा रेघेवर घट्ट रोवल्या.

मग इंजिनाचा आवाज चढला.

गाडी समोरून येताना कशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं. गाडी दिसतच नाही. काचेमागचा चेहरा दिसतो. इतकी वर्षं या माणसानं रेघेवरून माझा चेहरा बघितला होता, मिटलेले डोळे, दाबलेले ओठ, सगळं, आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता मी त्यांचा बघत होते. ते ना रेघेकडे बघत होते ना खुणेकडे, माझ्याकडे बघत होते. म्हातारा चेहरा होता, पण भीती मात्र अगदी तरण्या पोराची होती. मला सांगावंसं वाटलं, मिस्त्री, थांबेल हो, तुमचीच आहे. पिवळी खूण आली. खुणेच्या अलीकडे त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. दुसऱ्या कुणी लावला असता. मी लावला असता.

गाडीचं नाक खाली दबलं, टायर किंचाळले आणि ती थांबली. हात पुढे केला तर बॉनेटला लागेल, इतक्या अंतरावर. त्यांच्या गाड्या थांबायच्या तिथेच.

मी बॉनेटला हात लावला, उगाच, ते लावायचे म्हणून. मग जाऊन त्यांच्या बाजूचं दार उघडलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

“थोरले हलले नव्हते,” ते म्हणाले. “पुढे उभे होते आणि हलले नाहीत. मी आयुष्यभर विचार केला, का हलले नसतील.”

“मीपण नाही हलले,” मी म्हटलं. “मला विचारा का ते.”

त्यांनी विचारलं नाही. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि पुसताना जरा जास्तच वेळ लावला. मी दुसरीकडे बघत उभी राहिले. मला स्वतःलाही नाक पुसायचं होतं, पण रुमाल नव्हता.

दुपारी निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेब चांगलं बोलले. मिस्त्रींना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, नव्या गाडीचं ऑइल वेळेवर बदला, आणि खाली बसले. एक घड्याळ दिलं, हार घातला. निवृत्त होणाऱ्याला खात्याच्या गाडीनं घरी सोडायचं असतं. साहेबांनी नवी पांढरीच न्यायला सांगितली. मी मानानं मागचं दार उघडून उभी राहिले. मिस्त्री दाराशी आले आणि तसेच पुढे गेले. वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले, आणि माझ्याकडे हात केला.

“चावी दे.”

मी निमूट शेजारी बसले. असं सारथ्य मी जन्मात बघितलं नाही. बुडाखाली वादळासारखं इंजिन आणि आम्ही चाललोय वरातीच्या चालीनं. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते, एक जण तर वळून बघून हसला. मी पोलिसांची गाडी म्हणून दिवे लावू का विचारलं. “गप्प बस,” मिस्त्री म्हणाले. पण ओठांच्या कोपऱ्यात हसले.

त्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा वहिनी खिडकीतच होत्या. सकाळपासून देव पाण्यात घालून बसल्या असणार. घरासमोर गाडी थांबली आणि घड्याळ, हार, डब्याची पिशवी डिकीतून काढायला मी आधी उतरले. वहिनींनी मला शेजारच्या दारातून उतरताना बघितलं. मागची सीट रिकामी बघितली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, खिडकीतून त्या दिसेनाशा झाल्या आणि दुसऱ्या क्षणी जिन्यावर पावलं वाजली. काय झालं हे सांगायला मी तोंड उघडणार, तोवर त्या रस्त्यावर आल्या होत्या. अनवाणी.

तिथे त्यांना काचेतून दिसलं, गाडी कोण चालवतंय ते.

त्या थांबल्या. मिस्त्री आतून त्यांच्याकडे बघत होते. इंजिन अजून चालू होतं. मला वाटलं, वहिनी नेहमीसारख्या मागून वळसा घालून येतील, म्हणून डिकीचं झाकण लावून मी बाजूला सरकले. पण त्या पुढून निघाल्या. घुरघुरत्या गाडीच्या पुढून, अगदी जवळून, बॉनेटवर एक हात ठेवत ठेवत त्या हळूहळू त्यांच्या बाजूला चालत गेल्या.

मी मागे हार आणि घड्याळ घेऊन उभी होते. वहिनी त्यांच्या दाराशी पोचेपर्यंत माझ्यासमोरचे ब्रेकचे लाल दिवे विझले नाहीत.